हेडसेटच्या कपाटाची किल्ली

उत्तर भारतातील एका राज्य विद्यापीठात मी तीन दशके मानसशास्त्र शिकवले. तिथल्या संगणकशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात आभासी वास्तवाचे बारा हेडसेट आहेत. ते अनुदानातून आले, प्रयोगशाळेचे रीतसर उद्घाटन झाले, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांची नोंद झाली आणि रक्कम ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत रवाना झाले. खर्च झाला होता, यात शंका नाही. उपयोग मात्र व्हायचा होता. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे असे आणि उपकरण हरवल्यास वा फुटल्यास जबाबदारी त्यांचीच असल्याने ती किल्ली सहसा खिशातून बाहेर येत नसे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसेच केले असते.

त्या किल्लीची पहिली मागणी आली ती संगणकाच्या विद्यार्थ्यांकडून नव्हे. विद्यापीठाशी संलग्न परिचर्या महाविद्यालयातील एक अध्यापिका माझ्याकडे आल्या. त्यांना सुई टोचण्याचा आभासी सराव नको होता. ‘‘हातात धरायच्या त्या कंट्रोलरला नुसती थरथर येते. कातडीचा विरोध आणि सुई आत शिरल्यावर येणारा सैलपणा त्यात नाही. चुकीची सवय लागायची,’’ असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांना हवी होती रुग्णाची नजर. खाटेवर पडलेल्या माणसाला वॉर्ड कसा दिसतो, हे विद्यार्थिनींना दाखवायचे होते.

कल्पना साधी होती आणि तिच्यात एक अनपेक्षित सोय दडलेली होती. सर्व दिशांनी एकाच वेळी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची मोठी मर्यादा अशी की, पाहणाऱ्याला मान वळवता येते, पण उठून चालता येत नाही. इतर कोणत्याही विषयात हा दोष ठरला असता. खाटेवरच्या रुग्णाची अवस्था मात्र नेमकी तीच असते. आम्ही महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक कक्षात, उशीच्या उंचीवर कॅमेरा बसवला. खऱ्या वॉर्डात चित्रण करण्याचा प्रश्नच नव्हता. रुग्णांची संमती आणि गोपनीयता यांवर अध्यापिका ठाम होत्या. म्हणून नाट्यविभागातले विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक झाले. त्यांच्या शिक्षकांनी एका दुपारी जे सांगितले ते माझ्या विषयाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या नेमकेपणाने आलेले नाही. इथे चौकट नाही, त्यामुळे प्रेक्षकाने कुठे पाहावे हे दिग्दर्शकाच्या हाती नाही. बोलणाऱ्याकडे तो पाहीलच असे नाही, मागे कोणी कुजबुजले तर मान तिकडेच वळेल. संगणकशास्त्राच्या तरुण सहायक प्राध्यापकाने वेगळीच अडचण दाखवली. दोन भिंगांची चित्रे जिथे जोडली जातात ती रेघ कोणाच्या चेहऱ्यावरून जाता कामा नये, नाहीतर नाक दुभंगलेले दिसते. मग डॉक्टरांची उभे राहण्याची जागा बदलली.

अकरा मिनिटांची चित्रफीत तयार झाली आणि बत्तीस विद्यार्थिनींनी ती पाहिली. अंबाडा आणि चष्मा यांच्यासह हेडसेटचा पट्टा डोक्यावर नीट बसत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. प्रत्येक वापरानंतर कडा स्पिरिटने पुसायच्या, हा अध्यापिकांचा नियम होता. त्याआधी तो कोणाला सुचलाच नव्हता. तिघींना मळमळले. त्याचे कारण त्यांना मी समजावले: डोळे सांगतात एक आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते दुसरे, अशी तफावत पडली की शरीर बिथरते. पण सर्वाधिक बोलणे झाले ते एका प्रसंगाविषयी. चित्रफितीत दोन डॉक्टर खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून रुग्णाच्या अंगावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. एक विद्यार्थिनी हेडसेट काढून म्हणाली, ‘‘सर, ते माझ्याविषयीच बोलत होते, पण माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही.’’

इथे मानसशास्त्रज्ञ म्हणून मला थांबावे लागले. चित्रपट दिग्दर्शक ख्रिस मिल्क यांनी २०१५ मध्ये आभासी वास्तवाला सहवेदना निर्माण करणारे यंत्र म्हटले आणि तो शब्दप्रयोग जगभर फिरला. त्यानंतर झालेल्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष अधिक सावध आहे: या माध्यमाने भावनिक सहवेदना वाढते, पण दुसऱ्याच्या दृष्टिकोनातून विचार करण्याची क्षमता वाढल्याचे दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनीचा गहिवर खरा होता. सहा महिन्यांनी, रात्रपाळीच्या तेराव्या तासाला, ती रुग्णाच्या डोळ्यांत पाहून बोलेल का, हा खरा प्रश्न होता आणि तो मोजता येण्याजोगा होता. त्यासाठी आम्ही चौघांनी मिळून एक अभ्यासक्रम आखला: आठवड्याला चार तास, चार विभागांचे चार शिक्षक आणि अखेरीस प्रत्यक्ष वॉर्डातले निरीक्षण.

प्रस्ताव समितीपुढे गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘‘याचा पालक विभाग कोणता?’’ दुसरा प्रश्न अध्यापनभाराचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन दाखवावे लागते. आमच्याकडे प्रथा अशी की एका तासिकेला एकच शिक्षक. दोघे एकाच वर्गात उभे राहिले तर तास निम्मा निम्मा मोजायचा. म्हणजे चौघांनी पूर्ण चार तास वर्गात थांबायचे आणि प्रत्येकाच्या खाती एकच तास पडायचा. त्यात परिचर्येचा अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या चौकटीतला आणि आमचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांचे. प्रश्नपत्रिका कोणी काढायची हेही ठरेना. प्रस्ताव फेटाळला गेला नाही. तो ‘अधिक विचारार्थ’ ठेवण्यात आला आणि आजही तिथेच आहे.

ही कहाणी एका विद्यापीठाची म्हणून सोडून दिली असती. पण देशातल्या विद्यापीठांत आभासी वास्तवाचा अभ्यास बहुतेक ठिकाणी याच पद्धतीने मांडला जातो: यंत्र संगणकशास्त्राचे, म्हणून विषयही त्यांचा. या विषयाचा स्वतःचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ मध्ये अंतिम पडद्याची कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये छताला टांगलेला, डोक्यावर बसवायचा पहिला पडदा तयार केला. हे काम अभियांत्रिकीचेच होते. पुढे या यंत्राचे करायचे काय, याची उत्तरे मात्र इतरांनी शोधली. अ‍ॅटलांटातील मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि संगणकशास्त्रज्ञ लॅरी हॉजेस यांनी १९९५ मध्ये उंचीच्या भयगंडावर आभासी वास्तवातून उपचार करता येतात हे दाखवले. दोघांपैकी एकट्याला ते जमले नसते. संगणकाच्या वापराकडे रंगभूमीच्या नजरेने पाहणारे १९९१ चे गाजलेले पुस्तक ब्रेंडा लॉरेल यांचे. त्यांची डॉक्टरेट नाट्यविषयातली आहे. ‘आभासी वास्तव’ हे शब्दही त्याही आधी, १९३८ मध्ये, फ्रेंच नाट्यचिंतक आंतोनँ आर्तो यांनी रंगभूमीविषयी लिहिताना वापरले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील या विषयाची नामांकित प्रयोगशाळा २००३ पासून संज्ञापन विभागात आहे, अभियांत्रिकीत नाही. (आपल्या नाट्यशास्त्रात हे सारे आधीच होते, असा दावा करण्याचा मोह या टप्प्यावर अनेकांना होतो. तो आवरावा. भरतमुनींना हेडसेटचे श्रेय देण्यापेक्षा नाट्यविभागातल्या शिक्षकाला प्रयोगशाळेत प्रवेश देणे अधिक उपयोगाचे आहे.)

परदेशी दाखल्यांची तरी गरज का असावी? इंटरफेस, म्हणजे यंत्र आणि माणूस जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. या जागेचा विचार भारताने उत्तम रीतीने केल्याची उदाहरणे आपल्या हाताखाली आहेत, आणि ‘हाताखाली’ हे शब्दशः. १९८०च्या दशकात भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक आखला गेला, तेव्हा त्याचा पाया टंकलेखन यंत्राच्या जुन्या सवयींवर न ठेवता वर्णमालेच्या ध्वनिशास्त्रावर ठेवला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना रचना समान, त्यामुळे देवनागरीत शिकलेला हात तेलुगूतही चालतो. १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचे स्थान मिळाले. भाषाशास्त्र जाणणारे आणि संगणक जाणणारे एकत्र बसल्याशिवाय हे घडणे अशक्य होते. तरीही आज कितीतरी लोक मोबाइलवर आपली भाषा रोमन अक्षरांतून लिहितात. तर्कशुद्ध रचना लोकांनी का स्वीकारली नाही, हा शाळा, बाजार आणि सवय यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समाजशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात शोधावे लागेल. तिथे मात्र कोणी एकत्र बसले नाही.

दुसरे उदाहरण मतदान यंत्राचे. त्याच्या विश्वासार्हतेविषयी आपण सतत वाद घालतो. इंटरफेस म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहतो. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सार्वजनिक कंपन्यांनी ते बनवले आणि त्याच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या अध्यापकांचा वाटा होता. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला चिन्ह, त्याच्यासमोर निळे बटण आणि दाबल्यावर लागणारा दिवा एवढे पुरावे, हा त्यामागचा विचार. या यंत्राला पहिला मोठा धक्का तंत्रज्ञानामुळे बसलाच नाही. १९८२ मध्ये केरळमधील परूर मतदारसंघात ते वापरले गेले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरवले, कारण कायद्यात यंत्राने मत देण्याची तरतूदच नव्हती. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आज मतदाराला सात सेकंद दिसणारी कागदी चिठ्ठी हीसुद्धा विश्वासाच्या प्रश्नाला इंटरफेसने दिलेले उत्तर आहे. सात सेकंद पुरेसे आहेत का, वृद्ध मतदाराची नजर तेवढ्या वेळात चिठ्ठीवर स्थिरावते का? माझ्या विषयातल्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा असा हा प्रश्न आहे. मी तीन दशकांत असा एकही प्रबंध करवून घेतला नाही, हे इथे नोंदवायला हवे.

आभासी वास्तवाच्या अधिक जवळचे उदाहरण हंपीचे आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘डिजिटल हंपी’ प्रकल्प हाती घेतला, त्यात आयआयटींतील संगणकतज्ज्ञांबरोबर अभिकल्पकार, कलेतिहासाचे आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. विरूपाक्ष मंदिराच्या छतावरील गिरिजाकल्याणाचे चित्र संगणकावर आणायचे तर रंग आणि रेषा यांच्या नोंदी पुरत नाहीत. त्यातली कथा कोणत्या क्रमाने वाचायची हे सांगणारा माणूस लागतो. आणि भग्न नगर पुन्हा उभे करायचे म्हटले की पहिलाच प्रश्न येतो, कोणत्या वर्षाचे? १५६५ च्या पराभवापूर्वीचे, पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश याने वर्णन केलेले वैभव, की आज दिसणारे अवशेष? यात आणखी एक हंपी आहे, तिचा उल्लेख कमी होतो. विरूपाक्षासमोरच्या बाजाररस्त्यावरील मंडपांत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे राहत होती, दुकाने चालवत होती. २०११ मध्ये त्यांना तिथून हटवण्यात आले. हेडसेट लावून त्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला सोळाव्या शतकातले जवाहिरे दाखवायचे, की २०१० मधला चहावाला? कोणताही पर्याय निवडला तरी ती निवड इतिहासलेखनाची असते, आणि प्रतिमेच्या सफाईमुळे ती निवड होती हेच पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुस्तकात तळटीप असते. हेडसेटमध्ये तळटीप कुठे द्यायची, हा मला या क्षेत्रातला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वाटतो.

धोरणाच्या पातळीवर आंतरविद्याशाखीयतेचा उच्चार कमी झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा तो गाभाच आहे. २०२१ मध्ये श्रेयांक पेढी आली. २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाची नवी चौकट जाहीर केली. त्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय विषयांसाठी ठेवले आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की, वाणिज्यचा विद्यार्थी भूगोलाची तोंडओळख करून घेतो आणि भूगोलाचा विद्यार्थी वाणिज्यची. शिक्षक आपापल्या खोलीत राहतात, भिंती ओलांडण्याचे काम अठरा वर्षांच्या मुलाने करायचे. दोन विषय जोडायचे कसे, हे त्याच्या शिक्षकांनीच त्याच्यासमोर एकदाही करून दाखवलेले नसते.

दुसऱ्या बाजूने पैसा येतो आहे. अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि आभासी वास्तव यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये कृतिदल नेमले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास मंजुरी दिली. रोजगाराच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे आणि मुंबईची निवडही योग्य आहे. पण तिथे घडेल तो बनवणारा माणूस. बनवलेल्याची परीक्षा कोण करणार? शाळेसाठी आभासी विज्ञानाचा संच विकत घेताना खरेदी समितीत तांत्रिक तपशील वाचणारा असतो, किमतीची घासाघीस करणारा असतो. आठवीतल्या मुलीला त्यातून घनता हा विषय फळ्यापेक्षा अधिक कळतो का, हे विचारणारा नसतो. तो विद्यापीठातून यायला हवा, आणि विद्यापीठात तो तयार होण्याची जागा त्या ‘अधिक विचारार्थ’ ठेवलेल्या फायलीत आहे.

मुलांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. हेडसेट केवळ दाखवत नाही, तो पाहतोही. मान किती वळली, हात कसा उचलला, याची नोंद सेकंदाला अनेक वेळा होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५११ व्यक्तींच्या हालचालींच्या पाच मिनिटांहूनही कमी नोंदींवरून यंत्राने ९५ टक्के अचूकतेने व्यक्ती ओळखली. नाव, चेहरा, बोटांचे ठसे यांपैकी काहीही लागले नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास मनाई केली आहे, आणि त्याच कलमात सरकारला सवलती देण्याचा अधिकारही दिला आहे. मानेची हालचाल म्हणजे वर्तन का? ती टिपल्याशिवाय तर यंत्र चालतच नाही. मग टिपणे वेगळे आणि साठवणे वेगळे अशी रेघ कुठे ओढायची? या प्रश्नाला कायद्याच्या आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका टेबलावर बसून उत्तर द्यावे लागेल. आमच्या विद्यापीठात विधी विभागाची इमारत संगणकशास्त्राच्या समोर आहे. मध्ये सायकल स्टँड आहे, एवढाच अडथळा.

उपाय म्हणून नवी संस्था, नवे अभियान सुचवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी तसे काही सुचवणार नाही. एका वर्गात दोन शिक्षक शिकवत असतील तर दोघांचाही तास पूर्ण धरावा, हा एका पानाच्या परिपत्रकाचा विषय आहे. दोन विद्याशाखांच्या मार्गदर्शकांना पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे समान श्रेय द्यावे, आणि मूल्यमापनासाठी बाहेरून येणारा परीक्षक ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणून प्रबंध परत पाठवणार नाही एवढी काळजी घ्यावी. उपकरणांच्या अनुदानात दुरुस्ती, बॅटरी आणि एक पूर्णवेळ तंत्रसहायक यांची तरतूद आधीच असावी. यंत्राला पैसा मिळतो आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला मिळत नाही, ही आपल्या प्रयोगशाळांची जुनी व्यथा आहे. आणि उपयोगिता प्रमाणपत्रात एक रकाना वाढवावा: हे उपकरण कोणकोणत्या विभागांनी, किती तास वापरले.

गेल्या हिवाळ्यात काही कामासाठी विद्यापीठात गेलो होतो. कपाट जागच्या जागी होते. आमच्यासोबत काम करणारा तरुण सहायक प्राध्यापक आता खासगी कंपनीत आहे. बारापैकी सात हेडसेटच्या बॅटरी चार्ज होत नाहीत आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले आहे. आमची अकरा मिनिटांची चित्रफीत कोणत्या संगणकावर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. परिचर्या महाविद्यालयात गेलो, तेव्हा त्या अध्यापिका प्रात्यक्षिक कक्षातच भेटल्या. त्या आता दर वर्षी नव्या तुकडीतल्या प्रत्येक विद्यार्थिनीला तिथल्या खाटेवर पाळीपाळीने दहा मिनिटे झोपवतात, आणि इतरांना तिच्या अंगावरून आपसांत बोलायला सांगतात. पूर्ण तुकडीला जवळपास आठवडा लागतो. त्याचा परिणाम वॉर्डात दिसतो का, असे मी विचारले. ‘‘ते तुम्ही मोजणार होता ना, सर?’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीचे नाव पुकारले.